हनुवटीचा टाका

आमच्या बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा भरतात. तिथे मंडपात माईक धरून "चेंडू हवेत, क्षेत्ररक्षक खाली आणि त्याची पँट त्याहून खाली!" असं ओरडणारा जो इसम, तो मी. वीस वर्षं लोकांना हसवलं. मग न्यूमोनियाने मला व्हेंटिलेटरवर नेलं. परत आलो, पण घशातल्या नळीने श्वासनलिका आतून सोलवटली होती. ती भरताना आकसत गेली. सोनिवलीच्या आमच्या इमारतीत दोन जिने चढलो की माझ्या घशातून शिट्टी वाजायची आणि शेजारच्या वहिनी आपला कुकर बघायला धावायच्या.

उल्हासनगरच्या रुग्णालयात सर्जन म्हणाले, "आकसलेला तुकडा कापायचा, दोन्ही टोकं जोडायची. श्वास मोकळा होईल. आवाजाची नस मात्र तिथूनच जाते. जपतो, पण शब्द देत नाही."

मला तर शब्दच हवे होते. पण श्वासही हवा होता. सही केली.

शुद्धीवर आलो तेव्हा माझी हनुवटी छातीला शिवलेली होती. खोटं नाही, चांगल्या जाड दोऱ्याने! मान मागे गेली तर आतला जोड उसवेल म्हणून. सात दिवस मान खाली, तोंड बंद.

फरशी पुसणाऱ्या मावशी आल्या. "काय दादा, नवरीसारखे लाजताय? वर बघा की!"

हसायलाही बंदी होती. पोटातल्या पोटात हसलो.

खुर्चीत बसवलं की मला माणसं गुडघ्याखाली दिसायची. कुळगावहून भाऊ आला, म्हणजे पॉलिश केलेले बूट आले. "बरंय ना?" म्हणाले. पहिल्या मिनिटापासून त्यांची टोकं दाराकडे. "आराम कर हां," आणि गेले. मी दारातल्या फरशीवर स्पोर्ट्स शूजची वाट बघत होतो. वीस वर्षांत किती संघ, किती कप्तान! एकही जोडी आली नाही. रोज यायची ती एकच, निळ्या पट्ट्याची स्लिपर, अंगठ्यापाशी सेफ्टी पिन लावलेली. "नवरी जेवली का?" असं विचारणारी.

पहिलं वाक्य कोणतं बोलायचं, ते सात दिवस मनात घोळवत होतो. "मायबाप क्रिकेटरसिक हो!" हेच ठरलं.

आठव्या दिवशी टाका कापला. "बोला," सर्जन म्हणाले. मी म्हटलं, "मायबाप..." घोगरा, फाटका, पण आवाज! माझाच! सर्जन हसले आणि पुढच्या पेशंटकडे गेले. भावाला फोन लावला. त्याने कट करून मेसेज टाकला, 'मीटिंग. नंतर.' आणखी कोणाला लावावा म्हणून नावं वर-खाली करत बसलो.

इतक्यात एक बाई बादली घेऊन आत आल्या. चष्मा, कपाळावर गोंदण. कोण या? खाली पाहिलं. निळा पट्टा, सेफ्टी पिन.

"आणि मावशी पोछा घेऊन सज्ज," मी खरखरलो, "समोर सांडलेला चहा, मावशी पुढे सरसावल्या..."

"अगं बाई! नवरी बोलली!" त्या पदर तोंडाला लावून हसल्या. मग बादली उचलली. "थांबले असते हो, पण अजून दोन वॉर्ड बाकी आहेत."

"मावशी सीमारेषेकडे," मी म्हणालो. "मावशी दारात... मावशी बाहेर."

स्लिपरचा फटफट आवाज बंद होईपर्यंत मी बोलत होतो. नंतरही थोडा वेळ बोललो.