लोखंड बाहेर, घाई बाहेर

नमुने तपासायच्या एनएमआर यंत्राच्या खोलीत शिरण्याआधी सर दाराशी ठेवलेल्या स्टुलावर खिसे रिकामे करायचे. किल्ल्या, सुट्टे पैसे, मोबाइल आणि सर्वांत शेवटी कमरेचा पट्टा. यंत्रातल्या दांडग्या चुंबकाचा काय भरवसा! मग एका हाताने पँट सावरत, दुसऱ्या हातात नमुन्याची बारीक काचेची नळी धरून ते आत जायचे. जाताना आम्हालाही बजावायचे, "लोखंड बाहेर, घाई बाहेर." तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही तोंड लपवून हसला असतात.

पावण्याच्या औद्योगिक वसाहतीतली आमची प्रयोगशाळा छोटी. टीव्हीच्या पडद्यांसाठी आम्ही डोळ्यांना न दिसणारे स्फटिककण बनवायचो. प्रत्येक कणावर तेलकट थर चिकटलेला हवा. तो गेला की कणांचे गठ्ठे होऊन ते तळाशी बसतात. जास्तीचं सुटं तेल मात्र धुऊन काढायचं. "धू की, पण सोलू नको," सर त्यांच्या सातारी ठसक्यात म्हणायचे. काय सुटं आणि काय चिकटलेलं, ते एनएमआर सांगतं. सुट्या तेलाचा आलेखावर उंच सुळका येतो, चिकटलेल्या थराचा नुसता बुटका, पसरट फुगवटा.

एकदा मीटिंगला उशीर होत होता. सरांनी माझा आलेख उघडला आणि कॉम्प्युटरचं एक बटण दाबून खालची रेघ सरळ केली. रेघ छान सपाट झाली, आणि तिच्याबरोबर माझा फुगवटाही.

"पोरी, तू कण सोलून काढलेस," सर मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत म्हणाले.

माझं काम काढून घेतलं आणि मला बाटल्या धुवायला बसवलं. शिरवण्याला घरी मी काही सांगितलं नाही. लाज वाटत होती. मलाही वाटलं, माझंच चुकलं असणार.

पुढे कधीतरी सरांना फळीवर माझ्या त्याच कणांची जुनी बाटली दिसली. सोललेले कण एव्हाना तळाशी बसायला हवे होते. बाटली अजून नितळ होती. त्यांनी जाऊन मूळ आलेख उघडला, मग सगळ्यांना माझ्या सिंकपाशी बोलावलं.

"रेघ मी सपाट केली. हिचं काही चुकलं नव्हतं," एवढंच बोलले आणि मान खाली घातली. माझे हात साबणाने भरलेले. "असू दे, सर," मी पुटपुटले. वडिलांच्या वयाचा माणूस माझ्यापुढे मान खाली घालून उभा होता. त्या मीटिंगपेक्षाही मला तेव्हा जास्त लाज वाटली.

काम मला परत मिळालं. सर मात्र त्यानंतर एनएमआरच्या खोलीत आले नाहीत. पट्टा कमरेला, हात पाठीमागे, असे उंबऱ्यातच उभे राहायचे.

"आत या ना, सर. टेन्शन नका घेऊ."

"नको. तूच बघ."

आता कुणी हसत नव्हतं.

ते निवृत्त झाले त्या दिवशी निरोपाचा हार गळ्यात घेऊनच दाराशी आले. मी खुर्चीवरून उठले. त्यांनी स्टुलावर किल्ल्या ठेवल्या, मोबाइल ठेवला. हात पट्ट्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"लोखंडच तेवढं बाहेर ठेवत होतो गं मी," ते म्हणाले.

मग किल्ल्या आणि मोबाइल उचलून खिशात टाकले आणि हारासकट जिना उतरून गेले.