भिंतीपलीकडची गवळण

लाखनीचा माझा व्याही, म्हणजे सुनेचा बाप, आला की पाय धुवायच्या आधी माझी खिल्ली उडवतो. व्याह्यानं व्याह्याची, आमच्याकडं म्हणतात तसं इवायानं इवायाची, उडवायचीच असते, त्याची तक्रार नाही. पण त्या दुपारी त्यानं थेट माझ्या गाण्यालाच हात घातला.

"इवाई, तुमी दंडारीत गात होते म्हणतेत. का नुसत्या टाळ्या वाजवत होते?"

गोंदिया जिल्हा आमच्यातून वेगळा झाला तेव्हा आमच्या दंडारीतले, म्हणजे नाचगाण्याच्या खेळातले, अर्धे गडी तिकडच्या जिल्ह्यात गेले, पण गवळण माझीच लागायची, दोन्हीकडे. नागपूरच्या एका प्राध्यापकानं ती घरी येऊन भरून नेली आणि वेबसाइटवर टाकली. शाळा मी फारशी पाहिली नाही. पण प्राध्यापक माझ्या दारी आला होता, व्याह्याच्या नाही.

मुलाला म्हटलं, "लाव रे. आयकू दे यायले."

मुलानं सुनेचा लॅपटॉप उघडला. गाण्याची रेघ सरकू लागली, आवाज नाही. मुलगा बी.एस्सी. त्यानं पान रिफ्रेश केलं, मग ब्राउझर बदलला, मग म्हणाला, "फाइलच खराब असन." शिकलेल्या माणसाला जमलं नाही की वस्तू खराब होते.

"उलटा करून थापट," मी म्हणालो.

"बाबा, तो रेडिओ नाही."

"मुकी गवळण आहे का, इवाई?" व्याही तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत म्हणाला.

मुलानं आवाजाची पट्टी पार शेवटाला नेली. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या मारुतीच्या देवळातून गाणं आलं. सून आणि व्याह्याबरोबर आलेल्या विहीणबाई तिकडे भजनाला गेल्या होत्या, पण हा पुरुषाचा गळा होता. आणि गवळण माझी!

व्याह्याचा खर्रा थांबला. "आयका! याले म्हणतेत गाणं. कोण आहे हा?"

माझ्या अंगाची लाही झाली. "असन कोणी करडी गावचा. नाकातून गाते. शेवटच्या कडव्यात श्वास तुटते, पाहा." तुटला. "म्हटलं नव्हतं?"

"तुटू द्या ना, गोडी आहे. जाऊन शिका त्याच्याजवळ."

मुलानं वैतागून गाणं बंद केलं आणि पुन्हा पहिल्यापासून लावलं. देवळातलाही थांबला, आणि पहिल्यापासून सुरू झाला.

"पाहा निर्लज्ज," मी म्हणालो.

सून पळत आली, माझ्याकडं हात करून ओरडली. "अवो, बंद करा! देवळातल्या स्पीकरमधून मामाजी गाऊन राहिले! काल भजनाची चाल लावाले लॅपटॉप त्यालेच ब्लूटूथनं जोडला होता, तो तसाच राहिला." तिनं कुठंसं बोट लावलं आणि भिंतीपलीकडचा गडी आमच्या माजघरात आला. शेवटच्या कडव्यात त्याचाही श्वास त्याच जागी तुटला.

व्याही खाकरला. "इवाई, तुमचं बराबर आहे. नाकातच आहे."

"काहून? आत्ता तं गोडी होती!"

"मी अडाणी माणूस. गाण्यातलं तुमाले समजते. तुमीच सांगितलं."

देवळाचा तो स्पीकरच नाकातून बोलतो, हे मी आजही सांगतो. आणि तिथं श्वास तोडायचाच असतो, चालच तशी आहे. व्याह्यानं काही मानलं नाही. पण संध्याकाळी मोटारसायकल पुसताना तो तीच गवळण गुणगुणत होता. मी दारात उभा राहिलो. शेवटच्या कडव्यात, बरोबर त्याच जागी, त्यानं श्वास तोडला.