दोन लाटांमधला विसावा

मंडळी, भिसेगावात खोली घेऊन मी एकटाच झॉम्बींचा गेम बनवतोय. आज शेजारच्या काकू त्यांची वाटी न्यायला आल्या आणि स्क्रीनपाशीच थांबल्या. त्याही घरी एकट्याच असतात.

मी समजावलं, "झॉम्बी लाटेसारखे येतात. प्रत्येक लाट आधीपेक्षा अवघड. मधे खेळणाऱ्याला जरा विसावा देतो."

"त्या येळेला त्याच्याकडं कोण येतं रं?"

"कोणीच नाही."

काकू म्हणाल्या, "मंग ती मेलेली तरी लवकर येऊ देत."

मी हसलो, पण विसावा निम्मा करून टाकला.

त्या निघाल्या तेव्हा वाटी ओट्यावरच राहिली होती. दिसत होती मला. हाक मारली नाही. उद्या न्यायला येतील.

तुमच्याकडे आज कोणी आलं होतं का?