घडीवरची रेघ

पैठणला चाळीस वर्षं माग चालवलेली माझी मावशी दिवाळीनंतर शहरात आली, म्हणून मी तिला संग्रहालयातलं जुन्या पैठण्यांचं प्रदर्शन दाखवायला नेलं. लोक पदरावरच्या मोरांचे फोटो काढत होते. मावशी काचेला नाक लावून एका पैठणीच्या घडीकडंच बघत राहिली. घडीवर एक पांढुरकी रेघ होती.

"ही घडी कुणी बदलत नाय का?" तिनं रखवालदाराला विचारलं. काचपेटीची किल्ली साहेबांकडं असती, असं तो म्हणाला. मला लाज वाटली. मी तिला पुढं ओढलं, पण ती हलेना.

"दर सहा महिन्याला उलगडून दुसरीकडून घडी घालावी लागती. नायतर रेशीम तिथंच कुजतं. वरून कळत नाय. उचलली की दोन तुकडे हातात येतात." मग म्हणाली, "तुझ्या आईची कुठंय?"

माझ्या कपाटात. आई दर दिवाळीला तिची घडी बदलायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

घरी आल्याआल्या मावशीनं कपाटाची किल्ली मागितली. सापडत नाही, असं मी सांगितलं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. अजून तिथंच आहे.