काचेवरचा नमुना

विनीतावहिनी मूळच्या वरंधच्या. महाडच्या बाजारपेठेत त्यांच्या नवऱ्याचं, हरीभाऊंचं, कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करून देण्याचं दुकान. समोर आमचं बांगड्यांचं. बाई मनाने मोकळ्या, पण नवऱ्याच्या बाबतीत भारी संशयी. टायपिंगला पोलादपूरची सुप्रिया आली आणि वहिनींच्या जिवाची तगमग सुरू झाली. डबा त्या स्वतः आणू लागल्या. आत जाण्याआधी दाराच्या काचेला नाक लावून दोन खुर्च्यांमधलं अंतर बघायच्या. मी समोरून हसू दाबायची.

एकदा कुडपणचे कुशाबा आले. थोरलीच्या पत्रिकेसारखीच धाकटीची हवी होती, पण जुनी फाइल कोणत्या नावाची ते कुणाला आठवेना. हरीभाऊंनी कॉम्प्युटरला हुकूम लिहून द्यायचा काळा पडदा उघडला, 'फाइंड' लिहून पुढे थोरलीचं नाव टाकलं. त्या पडद्याला मराठी फॉन्ट कळत नाही, नाव इंग्रजी गिचमिडीसारखं उमटलं. पण फाइलींतही तीच गिचमीड साठवलेली, म्हणून पत्रिका चुटकीसरशी सापडली. कुशाबा खूश झाले. वहिनींच्या डोक्यात मात्र भलतंच शिरलं: नवऱ्याच्या सगळ्या फाइली एका नावाने धुंडाळता येतात.

दुसऱ्या दिवशी हरीभाऊ पोलादपूरला गेले, सुप्रिया आत जेवायला बसली, तशी वहिनींनी खुर्ची पकडली. मराठी टायपिंग त्यांना येत होतंच. 'सुप्रिया' टाकलं आणि फाइलींच्या नावांनी पडदा भरून वाहू लागला. हे सगळं त्यांनीच मला नंतर सांगितलं. एकेक फाइल उघडली, तर सगळ्या चि. सौ. कां. सुप्रिया, आणि प्रत्येकीचा नवरदेव वेगळा.

मग त्यांनी आपलं नाव टाकलं. एकच फाइल निघाली. तिच्यात होतं, चि. हरी आणि चि. सौ. कां. विनीता.

तेवढ्यात सुप्रिया हात पुसत आली. हे कुणी लिहिलं, म्हणून वहिनींनी दरडावून विचारलं.

"मीच. सरांनी पहिल्या दिवशी हेच टाइप करायला दिलं. गिऱ्हाइकांना दाखवायचा नमुना आहे, वहिनी. दारावर लावलाय ना."

वहिनी बाहेर आल्या. रोज ज्या काचेला नाक लावायच्या, तिच्यावरच पत्रिका डकवलेली होती. त्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, पुन्हा वाचली, मग माझ्याकडे वळल्या.

"माधुरी, तुला रोज दिसत होती ना गो ही? मग बोलली का नायस?"

दिसत होती. आमच्या ह्यांनी दुकानाच्या पाटीवर आपल्या आईचं नाव लिहिलंय. मी कशाला सांगू?