तीन बशा डिलिशस

माझं लग्न एका इंग्रजी विशेषणामुळे जमलं.

एकोणीसशे पन्नासच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापुरातल्या एका कचेरीत मी नवा कारकून होतो. आमच्या हेडक्लार्कनी मला 'डिलिशस' हा शब्द शिकवला. "म्हणजे अत्यंत रुचकर. दिवसातून दहा वेळा वापरा, की शब्द आपला झाला." मी चहाला डिलिशस म्हणालो, पानाला म्हणालो, खोकल्याच्या औषधालाही म्हणालो. (दहा भरायला नकोत का?)

त्याच आठवड्यात मामांनी मला हातकणंगल्याला मुलगी बघायला नेलं. शालनचा फोटो पाहूनच मी मनातून होकार देऊन बसलो होतो. पण ती मॅट्रिक झालेली! तिच्यासमोर आपण अडाणी ठरू नये, एवढीच धास्ती होती.

शालननं पोह्यांच्या बशा ठेवल्या. घास तोंडात जायच्या आत मी म्हणालो, "डिलिशस!" मग घास आत गेला. पोहे खारट होते. इतके खारट, की जीभ जागच्या जागी आकसली. (शालन, तिची आई आणि काकू, तिघींनी घाबरून एकमेकींना न सांगता मीठ घातलं होतं, आणि पाहुण्यांआधी चव बघायची त्या घरात पद्धत नव्हती.)

"म्हंजे काय वं पावणं?" शालनच्या वडिलांनी विचारलं.

"अत्यंत रुचकर."

"मग वाढा की आणि! लाजताय काय?"

मामांनी एक घास खाल्ला, त्यांना एकदम पित्त आठवलं. "माझं राहू दे, भाच्याला वाढा," म्हणाले. सख्खा मामा हो!

दुसरी बशी आली. शब्द मागे घ्यावा, तर इंग्रजीही जाणार आणि मुलगीही.

"हे कसं हाय?"

"डि... डिलिशस."

तिसरी बशी आली. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या.

"पोरगं हळवं हाय," वडील मामांना म्हणाले. मग शालनकडे वळले, "तुला काय इचारायचं असंल तर इचार."

तिनं खाली मान घालून विचारलं, "मीठ कमी पडलं का?"

"न्हाय न्हाय, बेताचं हाय," मी म्हणालो आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

चार दिवसांनी होकार आला. लग्नानंतर मी ऐटीत विचारलं, "माझं इंग्रजी आवडलं ना तुला?"

"इंग्रजी कसलं? तुम्ही गेल्यावर आम्ही पोहे तोंडात घातले आणि थुकून टाकले. तीन बशा गिळणारा माणूस जन्मात जेवणाला नावं ठेवणार न्हाय, म्हणून हो म्हटलं."

तेव्हापासून आमच्या घरात आमटीत मीठ किती असावं, याबद्दल माझं मत कुणी विचारलेलं नाही.