खंडेनवमीची बारोंग

अमेरिकेतल्या बॉथेलचे गुरुनाथ काका सॉफ्टवेअरमधून रिटायर झाले आणि दक्षिण फिलिपिन्सच्या जुन्या तलवारी जमवू लागले. खंडेनवमीला बाकीचे लॅपटॉपची पूजा करतात. काकांनी पाटावर त्यातलीच एक, शंभर वर्षांची बारोंग तलवार ठेवली. नीलांबरी काकू फुलाने पाणी शिंपडायला गेल्या, तर काका म्हणाले, "पाणी नको, गंज चढेल. तेल लाव."

पूजेला शेजारचे हाशिम आले होते. ते मूळचे दक्षिण फिलिपिन्समधल्या मिंदानाओ बेटावरचे. त्यांनी ते पानासारखं रुंद पातं दोन्ही हातांनी उचललं आणि डोळे भरून पाहिलं.

"माझ्या आजीकडे अशीच होती."

"कुठल्या लढाईतली?" काकांनी अधीरपणे विचारलं.

"लढाई कसली? ती नारळ फोडायची."

तिसऱ्या दिवशी नारळ आणि बारोंग घेऊन काका हाशिमकडे गेले. "आजी नारळ धरायची कसा, तेवढं दाखवा."